लँकेस्टरच्या आमिश शिवारातून: सप्टेंबरअखेरचे चार दिवस

पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत शरद ऋतू झाडांच्या आधी पिकांवर येतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मेपल अजून हिरवेच असतात. त्यांचा खरा रंग ऑक्टोबरच्या मध्यानंतरचा. सोयाबीन मात्र पिवळे पडलेले असते, मक्याची धाटे बुडापासून वाळू लागलेली असतात, तंबाखू शेतातून कोठारात टांगली गेलेली असते आणि घराघरासमोर भोपळ्यांचे ढीग लागलेले असतात. लाल-केशरी पाने बघायला या आठवड्यात येणाऱ्यांची निराशा होते. शेती बघायला येणाऱ्यांना मात्र वर्षात याच्याइतका भरगच्च आठवडा मिळत नाही.

या परिसरात ४० हजारांहून जास्त आमिश, म्हणजे साध्या राहणीच्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक, राहतात. युरोपात १६९३ च्या सुमारास याकोब आमान याच्या अनुयायांनी वेगळी वाट धरली आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांची कुटुंबे विल्यम पेनच्या या वसाहतीत येऊ लागली. खाली चुनखडीचा दगड, वर खोल दुमट माती आणि बहुतेक वर्षी पुरेल इतका पाऊस. पाटपाण्याशिवाय इतके पिकणारी जमीन अमेरिकेत फार थोडी आहे. त्या जमिनीवर आजही शेत नांगरायला खेचरे आणि प्रवासाला घोडा. इथले सगळे अंतर घोड्याने ठरवलेले आहे: शेत साधारण ५० ते ८० एकरांचे, कारण एक कुटुंब आणि एक-दोन जोत्या तेवढेच निभावू शकतात, प्रार्थनेचा एक गट २५ ते ३५ कुटुंबांचा, कारण रविवारी बग्गीने सगळ्यांना एका घरी पोहोचता आले पाहिजे, आणि दुकान, लोहार, शाळा हाकेच्या अंतरावर. मोटारीतून हा मुलूख नीट बघायचा असेल तर आपला वेगही त्याच मापाने उतरवावा लागतो.

न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, मेरीलँडची मराठी कुटुंबे इथे बहुधा शनिवारी सकाळी येतात, रूट ३० वरच्या गर्दीत अडकतात, बग्गीतून एक फेरी मारतात, आउटलेटमध्ये खरेदी करतात आणि रात्री परततात. रूट ३० हा इथला सर्वांत कमी बघण्यासारखा रस्ता आहे. गुरुवारी निघून रविवारी दुपारी परतणे सर्वांत सोयीचे, कारण शुक्रवारचा बाजार मिळतो, शनिवारची खरेदी होते आणि रविवारी सगळे बंद असते तेव्हा आपण परतीच्या वाटेवर असतो. एक तारीख आधी तपासावी: ११ ऑक्टोबर हा इथल्या आमिशांचा उपवासाचा दिवस, त्या दिवशी त्यांची दुकाने बंद असतात.

गुरुवार: मॉर्गनटाउन ते इंटरकोर्स

एडिसनच्या बाजूने येताना न्यू जर्सी टर्नपाइक, मग पेन्सिल्व्हेनिया टर्नपाइक, आणि एक्झिट २९८ ला मॉर्गनटाउन. अंतर शंभरएक मैल. सकाळी नऊनंतर निघावे. त्याआधी निघाल्यास किंग ऑफ प्रशियाजवळ ऑफिसच्या गर्दीत तासभर जातो. पेन्सिल्व्हेनिया टर्नपाइकवर रोख टोल घेत नाहीत. गाडीत ई-झेडपास नसेल तर नंबरप्लेटचा फोटो निघून बिल घरी येते आणि ते बरेच जास्त असते.

गूगल मॅप्सवर 'हायवे टाळा' हा पर्याय मॉर्गनटाउनलाच चालू करून ठेवावा, नाहीतर ते पुन:पुन्हा रूट ३० कडे ढकलते. पेट्रोलही इथेच भरावे. छोट्या छोट्या नोटा बरोबर हव्यातच: एक, पाच आणि दहा डॉलरच्या. शेताच्या बांधावरच्या दुकानांत कार्ड चालत नाही आणि कित्येक ठिकाणी विकायला माणूसही नसतो. भाजीशेजारी डबा असतो, पाटीवर भाव असतो, पैसे टाकून माल घ्यायचा. वीस डॉलरची नोट तिथे निरुपयोगी ठरते.

मॉर्गनटाउनहून रूट २३ पश्चिमेला धरला की चर्चटाउन लागते. त्याच्या पुढे पूल फोर्ज हे जुन्या लोखंडाच्या भट्टीचे ठिकाण, आता गावाचे उद्यान. कोनेस्टोगा नदीवरचा १८५९ चा छपराचा लाकडी पूल इथे पायी बघता येतो. पहिला पूल हाच बघावा, कारण यावर मोटारी नाहीत आणि आतला सांगाडा सावकाश न्याहाळता येतो. दोन्ही बाजूंना त्रिकोणी आधारांची लाकडी जाळी आणि तिला कवेत घेणारी, दोन्ही टोकांच्या दगडी पायांवर टेकलेली मोठी लाकडी कमान. ही थिओडोर बर या पूल बांधणाऱ्याची पद्धत. जाळी पुलाला ताठ ठेवते, कमान वजन पायांकडे नेते. छप्पर या लाकडांसाठी आहे, प्रवाशांसाठी नाही: सांध्यांत पाणी मुरले की ओक आणि पाइन काही वर्षांत कुजतात, कोरडे राहिले तर शंभर-दीडशे वर्षे टिकतात. जवळच वीव्हरलँड रोडवर वीव्हर्स मिलचा पूल आहे, त्यावरून मोटार नेता येते.

या ईशान्य भागात बग्ग्या काळ्या दिसतात. नवख्या माणसाला त्या आमिशांच्या वाटतात, पण लँकेस्टरच्या आमिशांची बग्गी राखाडी असते. काळी बग्गी जुन्या वळणाच्या मेनोनाइटांची, म्हणजे आमिशांच्या जवळच्याच एका ख्रिस्ती पंथाची. त्यांच्या शेतात ट्रॅक्टर दिसतो, पण चाके लोखंडी, रबरी टायर नाहीत. टायर आले की ट्रॅक्टर रस्त्यावर मोटारीसारखा पळू लागेल, म्हणून ही अट. ते सायकलही चालवतात. आमिश मुले-माणसे सायकल वापरत नाहीत, मोठ्या चाकांची पायाने ढकलायची स्कूटर वापरतात. प्रार्थनेसाठी मेनोनाइटांची साधी सभागृहे आहेत, आमिश एकमेकांच्या घरी जमतात. एवढे चार फरक कळले की पुढचे तीन दिवस रस्त्यावर काय चालले आहे ते उमगते.

ब्लू बॉलच्या चौकातून पुढे न्यू हॉलंड. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ओळखीचा असलेला न्यू हॉलंड ट्रॅक्टर आपले नाव याच छोट्या गावाकडून घेऊन आला आहे. कंपनी इथे १८९५ साली सुरू झाली, आणि गवत कापण्याची-बांधण्याची यंत्रे इथल्या कारखान्यात आजही बनतात. त्याच कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. गावात सोमवारी घोड्यांचा लिलाव भरतो. बग्गीला जुंपलेले बरेचसे घोडे स्टँडर्डब्रेड जातीचे, शर्यतीच्या धावपट्टीवरून निवृत्त झालेले असतात. त्यांना मागे गाडी असण्याची सवय आधीच असते.

इथून पुढे बग्ग्यांची वर्दळ वाढते, आणि गाडी चालवणाऱ्याने काही गोष्टी अंगवळणी पाडून घ्याव्या लागतात. चालीत बग्गीचा वेग ताशी ५ मैल, दुडकीत ८ ते १०. तुम्ही ५५ मैलांनी येत आहात आणि बग्गी ५०० फुटांवर ५ मैलांनी चालली आहे, तर तुमच्या हाती सात सेकंद आहेत. तिच्या जागी ४५ मैलांनी जाणारी मोटार असती तर अर्ध्या मिनिटाहून जास्त मिळाले असते. बहुतेक अपघात असेच, मागून धडकून होतात. त्यातही सप्टेंबरअखेर एक खास धोका असतो. विषुवदिनाच्या आसपास सूर्य नेमका पूर्वेला उगवतो आणि नेमका पश्चिमेला मावळतो. रूट २३ आणि रूट ३४० हे दोन्ही पूर्व-पश्चिम रस्ते. सकाळी सात ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळात ऊन सरळ डोळ्यांत येते आणि राखाडी बग्गी डांबरात मिसळून जाते. त्या वेळी उत्तर-दक्षिण गल्लीरस्ते धरावेत किंवा थांबून चहा प्यावा.

बग्गीला ओलांडताना हॉर्न अजिबात वाजवायचा नाही. घोडा बुजला तर आडवा होतो. मागे राहून पुढचा रस्ता पूर्ण दिसेपर्यंत थांबायचे, डावीकडून पुरेसे अंतर सोडून एकाच वेगाने पुढे जायचे आणि घोड्याच्या तोंडासमोर लगेच वळायचे नाही. चढाच्या तोंडाशी ओलांडणे टाळावे, कारण पलीकडून दुसरी बग्गी आणि तिला ओलांडणारी दुसरी मोटार येत असते. सिग्नलला बग्गीच्या मागे एका मोटारीइतकी जागा सोडावी; थांबलेला घोडा दोन-चार पावले मागे सरकतो. रात्री प्रखर दिवे खाली करावेत. रस्त्याच्या कडेला डांबरात जे चर दिसतात ते नालांनी पाडलेले आहेत, त्यात मोटारसायकलचे चाक अडकू शकते.

मुक्कामासाठी इंटरकोर्स, बर्ड-इन-हँड किंवा रॉन्क्स या गावांचा परिसर निवडावा. शेतावर खोल्या देणारी मेनोनाइट कुटुंबेही आहेत. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारसाठी खोल्या दोन-तीन महिने आधी भरतात. सप्टेंबरअखेर गुरुवारी मात्र सहसा जागा मिळते. दिवसा तापमान २० ते २४ अंश, पहाटे १० ते १३. स्वेटर लागतोच.

शुक्रवार: बाजार, मुरघास आणि पूल

पहाटे ओढ्यांच्या काठाने धुके बसलेले असते आणि नऊपर्यंत उठत नाही. धुक्यात गल्लीरस्त्यांवर फिरायचा मोह आवरावा, बग्गीचे मागचे दिवे फार जवळ आल्यावर दिसतात. साडेआठला निघून रूट ७७२ ने लिओला, ब्राउन्सटाउन आणि तिथून रूट २७२ ने उत्तरेला एफ्राटा गाठावे.

एफ्राटाचा ग्रीन ड्रॅगन बाजार १९३२ पासून भरतो आणि फक्त शुक्रवारी. हा खरा गावबाजार आहे. एका बाजूला गवताच्या आणि पेंढ्याच्या गाठींचा लिलाव, दुसरीकडे कोंबड्या-सशांचा, मध्ये भाजी, चीज, पाव, कापड, जुनी हत्यारे. सकाळी दहाच्या आत पोहोचल्यास गाडी लावायला जागा मिळते आणि लिलाव सुरू असताना बघता येतो. लिलावाच्या घोळक्यात हात वर करून कुणाला खुणावू नये, बोली लागते.

खाण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण शाकाहारी माणूस इथे नकळत फसतो. पाय (pie), म्हणजे पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ, त्याच्या पारीत बऱ्याचदा डुकराची चरबी (लार्ड) असते. विचारताना 'यात मांस आहे का' असे विचारल्यास उत्तर 'नाही' मिळते, आणि ते खरेच असते. प्रश्न असा विचारावा: पारीत लार्ड आहे की वनस्पती तेलाचे शॉर्टनिंग? फरसबीच्या भाजीत हॅम, नूडल्स आणि पावाच्या सारणात कोंबडीचा रस्सा, रंगीत जेलीच्या सॅलडमध्ये जिलेटिन, हे गृहीत धरूनच चालावे. निर्धास्त खाण्यासारखे पदार्थही पुष्कळ आहेत. हाताने वळलेला मऊ प्रेट्झेल लोण्यात बुडवून देतात, तो गरम असतानाच खावा. चाऊचाऊ म्हणजे फुलकोबी, घेवडा, गाजर, मका वगैरेंचे आंबटगोड लोणचे. ॲपल बटरमध्ये लोणी नसते. सफरचंद आणि त्याचाच रस तांब्याच्या मोठ्या कढईत दालचिनी-लवंग घालून तासन्तास आटवतात आणि तळाला लागू नये म्हणून लांब दांड्याच्या लाकडी पळीने सतत ढवळत राहतात. शूफ्लाय पाय काळ्या मोलॅसेसचा असतो. काकवी आवडणाऱ्याला तो नक्की आवडतो, पण ओल्या तळाच्या प्रकारात अंडे असते. नवरात्राचे उपवास याच दिवसांत आले तर इथे अडचण येत नाही: रताळी, सफरचंदे, काळी काँकर्ड द्राक्षे आणि भाजलेले शेंगदाणे बाजारात भरपूर असतात.

बाजारातून बाराच्या सुमारास निघून उरलेला दिवस पूल आणि शेतांना द्यावा. परतताना ब्राउन्सटाउनजवळ लॉग केबिन रोडवर झूक्स मिलचा पूल, मग कोनेस्टोगावरचा पाइनटाउनचा १८६७ चा पूल आणि त्याच्या खालच्या अंगाला, त्याच नदीवर, हन्सेकर्स मिलचा. शेवटचा काउंटीतला एका गाळ्याचा सर्वांत लांब पूल, सुमारे १८० फूट. जून १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाच्या पुराने जुना पूल उचलून नेला आणि पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने नवा बांधला गेला. हे सगळे पूल एकेरी. तोंडाशी थांबून पलीकडे पाहायचे, दिवे लावायचे, समोरचा आधी आला असेल तर त्याला येऊ द्यायचे. उंचीची पाटी वाचावी. छतावर सायकली किंवा सामान बांधलेल्या गाड्या इथेच अडकतात. पुलात थांबून फोटो काढू नये, मागून बग्गी आली तर तिला वळायला जागा नसते. अलीकडे-पलीकडे कडेची जागा सापडते, तिथून चालत यावे.

दुपारी दोननंतर लिओला ते इंटरकोर्सच्या मधल्या गल्लीरस्त्यांवर मुरघासाचे, म्हणजे हिरवी वैरण कापून हवाबंद साठवण्याचे, काम ऐन भरात असते. महाराष्ट्रातल्या दूध उत्पादकाला यातली प्रत्येक पायरी ओळखीची वाटेल, फक्त ताकद वेगळी. दाण्यावरची दुधाची रेषा अर्ध्यापर्यंत उतरली, म्हणजे आख्ख्या ताटात साधारण ६५ टक्के पाणी उरले, की मका कापायला घेतात. खेचरांनी ओढलेले यंत्र, बहुतेकदा त्यावर बसवलेल्या छोट्या इंजिनाच्या जोरावर, ताटे कापून पेंढ्या बांधते. पेंढ्या गाडीवर रचून सायलोपाशी, म्हणजे मुरघास साठवण्याच्या उंच टाकीपाशी, येतात, तिथे उभे इंजिन पट्ट्याने कुट्टीयंत्र फिरवते आणि कुट्टी लांब नळीतून वर फेकून सायलोत टाकते. आमिशांना शेतात ट्रॅक्टर चालत नाही, पण गोठ्यापाशी उभा राहून पट्टा फिरवायला चालतो. मका फार ओला कापला तर सायलोतून रस गळतो, भिंती झिजतात आणि वैरण आंबट होते. फार वाळला तर कुट्टी नीट दाबली जात नाही, आत हवा राहते आणि बुरशी धरते. म्हणून हे काम आठ-दहा दिवसांत उरकावे लागते आणि शेजारी एकमेकांकडे पाळीने जातात. भरलेल्या सायलोच्या पायथ्याशी मुलांना खेळू देऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे आत नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि जीवघेणा असतो. पिवळसर तपकिरी धूर किंवा ब्लीचसारखा वास म्हणजे दूर होण्याची खूण.

त्याच शेतांच्या शेजारी लसूणघासाची शेवटची कापणी वाळत पडलेली असते, आणि उंच, लाकडी फळ्यांच्या भिंतींची तंबाखूची कोठारे असतात. भिंतीतली दर काही फळी बिजागरीवर उघडणारी. झाड बुंध्यातून कापून काही तास शेतातच सुकू देतात, म्हणजे पाने फाटत नाहीत. मग चार फुटी काठीच्या टोकाला लोखंडी भाल्याचे पाते बसवून पाच-सहा झाडे तिच्यात ओवतात आणि काठ्या कोठारात थरांवर थर टांगतात. पुढचे दीड-दोन महिने सगळी करामत फळ्यांची. हवा दमट आणि उबदार असताना बंद ठेवल्या तर पाने टांगल्या जागी कुजतात. कोरड्या वाऱ्यात सताड उघड्या ठेवल्या तर पान हिरवेच वाळते आणि भाव पडतो. रस्त्यावरून जाताना अर्ध्या फळ्या उघड्या आणि अर्ध्या बंद दिसतात, तो कुणीतरी सकाळी आभाळ बघून घेतलेला निर्णय असतो. हे बघणे मला या सगळ्या सहलीचा गाभा वाटतो, म्हणून शुक्रवारची दुपार दुसऱ्या कशातही घालवू नये.

शनिवार: लँकेस्टर, स्ट्रासबर्ग आणि दक्षिणेच्या टेकड्या

सकाळी लवकर लँकेस्टर शहर. सेंट्रल मार्केटची लाल विटांची इमारत १८८९ ची. मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी उघडते, दुपारी बंद होते. आठच्या आत जावे. आमिश आणि मेनोनाइट विक्रेत्यांच्या शेजारी शहरात नव्याने स्थायिक झालेल्या देशोदेशीच्या लोकांचे खाण्याचे गाळे असल्याने शाकाहारी न्याहारीची सोय इथे सर्वांत चांगली होते.

तिथून स्ट्रासबर्ग. गावाच्या पूर्वेला रूट ७४१ वर स्ट्रासबर्ग रेल रोड, सनद १८३२ ची. कोळशाचे वाफेचे इंजिन साडेचार मैल शेतांमधून पॅरडाइजपर्यंत जाते, तिथे बाजूच्या रुळावरून वळसा घालून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडले जाते आणि परत येते. सगळी फेरी पाऊण तासाची. शनिवारी तिकीट आधी घ्यावे. मुले बरोबर असोत वा नसोत ही फेरी चुकवू नये, कारण रूळ शेतांच्या मधून जातात आणि मोटारीतून न दिसणारी घरांची मागची बाजू दिसते: विजेची तार न येणारे घर, त्याला जोडून म्हातारा-म्हातारीसाठी बांधलेले दुसरे घर, कप्पीवरून कोठाराच्या माथ्यापर्यंत गेलेली कपड्यांची दोरी, ओढ्यातल्या पाणचक्कीला जोडलेला पाणी खेचणारा तारेचा दांडा, शेताच्या तोंडाशी टेलिफोनची लाकडी खोली. उंच खांबावर पांढरी पक्षीघरे दिसतात ती पर्पल मार्टिनसाठी. सप्टेंबरअखेर ती रिकामी असतात, पक्षी दक्षिण अमेरिकेला गेलेले असतात. रस्त्यापलीकडेच पेन्सिल्व्हेनियाचे रेल्वे संग्रहालय आहे. इंजिनांची आवड असेल तर त्याला दोन तास लागतात, नसेल तर सोडून द्यावे.

वीज नाही म्हणजे यंत्रे नाहीत हा समज इथे चटकन मोडतो. गोठ्याशेजारच्या खोलीत डिझेल इंजिन असते. ते दूध थंड करण्याचा कॉम्प्रेसर चालवते आणि हवाही दाबून भरते. त्या दाबाच्या हवेवर विहिरीचा पंप, शिवणयंत्र, सुतारकामाची करवत चालते. फ्रिज आणि दिवे प्रोपेन गॅसवर. छपरांवर सौर पॅनेलही दिसू लागले आहेत, बॅटऱ्या भरण्यासाठी. सार्वजनिक तारेशी घर जोडायचे नाही, ही रेघ मात्र सहसा ओलांडली जात नाही. दुधाचा टँकर रविवारी येत नाही. टाकीची क्षमता तेवढी असावी लागते.

दुपारनंतर रूट ८९६ ने दक्षिणेला जावे. इथे जमीन उंचसखल होते, शेते उतारावर आडव्या पट्ट्यांनी पेरलेली: मक्याचा पट्टा, लसूणघासाचा पट्टा, पुन्हा मका, म्हणजे पावसाने माती वाहून जात नाही. पर्यटक इकडे फार येत नाहीत. रस्ते अरुंद, वळणे आंधळी, मोबाइलची रेंज मधूनच जाते. नकाशा आधी उतरवून ठेवावा. एका खोलीच्या शाळा इथे बऱ्याच दिसतात, पुढे चेंडूफळीचे मैदान आणि मागे दोन स्वच्छतागृहे. शाळेपाशी थांबू नये, फोटो काढू नये. २ ऑक्टोबर २००६ रोजी याच भागात निकेल माइन्सच्या शाळेत एका माणसाने गोळ्या झाडून पाच मुलींचा जीव घेतला. ती शाळा पाडून टाकली आहे. तिची जागा कुणाला विचारू नका.

फोटोंचा नियम एकंदरीतच साधा ठेवावा. ओळखू येईल असा चेहरा टिपणे आमिशांना अमान्य आहे, त्यामागे बायबलमधली प्रतिमा न करण्याची आज्ञा आहे. शेत, कोठार, पूल, दुरून चाललेली खेचरांची जोत यांचे फोटो सार्वजनिक रस्त्यावरून घ्यायला हरकत नाही. मुलांना थांबवून, पैसे देऊन किंवा मोटारीतून लपून फोटो घेणे वाईट. ड्रोन तर घोड्यांसाठीही धोक्याचा.

परतताना पॅरडाइजहून बेलमॉन्ट रोड धरला की पेक्वा ओढ्यावर लीमन प्लेसचा छपराचा पूल लागतो आणि तो ओलांडून थेट इंटरकोर्सच्या शेतांत उतरता येते. रूट ३० आणि ८९६ चा चौक शनिवारी दुपारी तुंबलेला असतो, तो यामुळे टळतो. खरेदी याच संध्याकाळी पुरी करावी. शेवंतीच्या कुंड्या, भोपळे, ॲपल बटरच्या बाटल्या, चाऊचाऊ. कुंडी घेताना पूर्ण फुललेली घेऊ नये. बहुतेक कळ्या मिटलेल्या असतील तर घरी महिनाभर फुलते. भोपळ्याचे देठ शाबूत आणि टणक हवे, देठाला धरून उचलायचा नाही, तुटला की तिथूनच कुजायला लागतो. फळांची पाय दोन दिवसांत संपवावी, शूफ्लाय आणखी एखादा दिवस राहते.

रविवार: रिकामी दुकाने, भरलेले रस्ते

आमिश दुकाने, बांधावरची भाजी, सगळे बंद. 'रविवारी विक्री नाही' ही पाटी असलेल्या ठिकाणी माल समोर दिसला तरी डब्यात पैसे टाकून घेऊ नये. प्रार्थना प्रत्येक गटात एकाआड एक रविवारी असते, त्यामुळे कुठल्याही रविवारी निम्मे लोक प्रार्थनेला आणि बरेचसे उरलेले नातलगांकडे निघालेले असतात. सकाळी साडेसात ते साडेआठ रस्त्यावर बग्ग्यांची रांग लागते. एखाद्या घराच्या अंगणात वीस-पंचवीस राखाडी बग्ग्या आणि लांबट बंद गाडा दिसला तर आज तिथे प्रार्थना आहे. तो गाडा बाकांचा. एका गटाची बाके घरोघरी त्यातून जातात. प्रार्थना तीन तासांची, नंतर पाव, शेंगदाण्याचे गोड लोणी, लोणची आणि सुक्या सफरचंदाच्या पायचे जेवण. त्या घरासमोर गाडी हळू करू नये, थांबवू तर नयेच.

साडेनऊपर्यंत रस्ते पुन्हा मोकळे होतात. तेव्हा रूट ३४० ने पूर्वेला व्हाइट हॉर्सवरून कंपासपर्यंत जावे आणि तिथे डावीकडे रूट १० घेऊन हनी ब्रूकमार्गे मॉर्गनटाउनच्या टर्नपाइकला लागावे. ऊन तोपर्यंत वर चढलेले असते, डोळ्यांत येत नाही. या वाटेवरही आमिश शेते आहेत, गर्दी मात्र कमी. फिलाडेल्फियाच्या उत्तरेची टर्नपाइक रविवारी दुपारनंतर भरू लागते, म्हणून एकच्या आत ती ओलांडलेली बरी.

निघण्यापूर्वी एक काम राहते. स्पॉटेड लँटर्नफ्लाय ही द्राक्षवेलींचा आणि झाडांचा रस शोषणारी कीड २०१४ साली शेजारच्या बर्क्स काउंटीत सापडली आणि तिथून राज्याराज्यांत पसरली. लोकांच्या गाड्या आणि सामान यांवरूनच ती दूर जाते. सप्टेंबरपासून तिची मादी अंडी घालू लागते. राखाडी, वाळलेल्या चिखलाच्या लपक्यासारखा इंचभर थर दिसला तर ती अंडी. चाकांच्या कमानी, बंपरची खालची बाजू, छतावरचे सामान, शेवंतीच्या कुंडीचा तळ आणि भोपळ्याचे देठ तपासावे. थर सापडला तर जुन्या कार्डाने खरवडून पिशवीत घ्यावा, त्यात सॅनिटायझर किंवा स्पिरिट ओतून पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाकावी. जळाऊ लाकडाची मोळी स्वस्त मिळाली तरी घेऊन येऊ नये.